तेंदूच्या पैशातला फ्रीज

परवा एक जुनी वॉशिंग मशीन पाहायला खाणीच्या कॉलनीत गेले होते. मोबाइलवर जाहिरात होती. चार फोटो, खाली ‘अर्जंट विकणे आहे’ आणि क्वार्टरचा नंबर. तो नंबर वाचला आणि मी ऑटोवाल्याला म्हटलं, ‘‘भाऊ, पाण्याच्या टाकीकडून घ्या, तिकडून जवळ पडते.’’ तो म्हणाला, ‘‘मॅडम इथल्याच का?’’ इथली कुठली बाप्पा! मी गोंडपिपरी तालुक्यातल्या एका खेड्यातली. चंद्रपूरला नोकरीमुळं आले ती अलीकडं. पण लहानपणी दर उन्हाळ्यात या कॉलनीत एक चक्कर ठरलेली असायची, आणि रिकाम्या हातानं आम्ही कधी परतलो नाही.

कॉलनी आता ओस पडत आली आहे. अर्ध्याअधिक क्वार्टरांना दारं राहिली नाहीत, सुबाभूळ खिडकीतून आत शिरली आहे. वास मात्र तोच. कोळशाच्या बारीक धुळीचा, फिनेलचा, आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून येणाऱ्या मोहरीच्या तेलाचा. तो वास नाकात गेला आणि मी फाटकातच उभी राहिले. मशीन विकणारे तरुण साहेब वरच्या मजल्यावरून ओरडले, ‘‘मॅडम, इधर, फर्स्ट फ्लोर!’’ येते हो, येते. तुमच्या जन्माच्या आधीपासून येते आहे मी इथं, दोन मिनिटं थांबलात तर काही बिघडत नाही.

आमच्याकडं मे महिन्यात दोन गोष्टी एकदम व्हायच्या. जंगलात विडीच्या तेंदूपत्त्याचा हंगाम लागायचा आणि कॉलनीत बदल्या निघायच्या. गावातल्या बाया पहाटे अंधारात जंगलात शिरायच्या, ऊन चढेपर्यंत पानं तोडायच्या, डोक्यावर गाठोडं घेऊन यायच्या. मग दुपारभर आख्खं घर ओट्यावर बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचं आणि संध्याकाळी ते ठेकेदाराच्या माणसापुढं नेऊन मांडायचं. पानांचा हिरवा, तुरट वास अंगाला लागायचा, भाताला लागायचा, उशीलाही लागायचा. पंधरा-वीस दिवसांत हंगाम आटपायचा आणि घरात वर्षातून एकदाच दिसणारा पैसा यायचा. नेमके त्याच दिवसांत कॉलनीतले साहेब लोक ट्रक भरून कुठं कुठं दूर निघालेले असायचे आणि त्यांना सगळं सामान काही नेता यायचं नाही. मग विहिरीवर एकच प्रश्न फिरायचा, ‘‘यंदाचा तेंदू कशाले वो?’’

एका वर्षीचा तेंदू रेडिओला, एका वर्षीचा मिक्सरला, एका वर्षीचा कूलरला. नवं घ्यायची कुणाची ऐपत नव्हती आणि खरं सांगू, कुणाला हौसही नव्हती. नव्या वस्तूचा काय भरवसा? ती कशी निघेल कोणाला माहीत! जुनी वस्तू एका घरात नांदून आलेली असते. म्हणून गावात प्रत्येक वस्तूला आधीच्या मालकाच्याच नावानं ओळखायचे. आमचा रेडिओ म्हणजे मुखर्जीबाबू. शेजारचा टीव्ही नायर साहेब. पोलीस पाटलाच्या घरचा मिक्सर रेड्डी मॅडम, आणि तो चालू झाला की चार घरांत कळायचं की आज रेड्डी मॅडम चटणी वाटून राहिल्या. एकदा पावसाळ्यात आमच्या रेडिओत पाणी गेलं. बाबा पारावर जाऊन नुसतं ‘‘मुखर्जीबाबू गेले’’ म्हणाले, तर दोन म्हातारे सांत्वनाला घरी आले आणि चहा पिऊनच उठले.

ही सगळी माणसं, म्हणजे ही सगळी यंत्रं, गावात आणणारी एकच बाई होती. माझी मोठीमाय, मायची थोरली बहीण. चंद्रपूरला राहायची आणि कॉलनीत चार क्वार्टरांत धुणीभांडी करायची. कोणाची बदली निघाली हे साहेबाच्या बायकोला कळायच्या आधी मोठीमायला कळायचं. कुणाच्या घरी वस्तू कशा वापरतात हे तर तिला आरशासारखं स्वच्छ दिसायचं. ‘‘तेरा नंबरची मॅडम टीव्हीले चादर घालते,’’ ती सांगायची, ‘‘घ्यायचा त तो घ्या. नऊ नंबरवाल्याचं काईच घेऊ नका, तो बटनं बुक्कीनं दाबते.’’ आज फोटो पाहून, तारे मोजून वस्तू घेतात लोक. आमचे तारे मोठीमाय होती.

ती खरेदीला निघाली की पाहण्यासारखं असायचं. धुवट लुगडं, पदर घट्ट खोचलेला, हातात रिकामी पिशवी. विकणाऱ्याच्या दारात गेली की पहिला प्रश्न वस्तूबद्दल नसायचाच. ‘‘मॅडम, काऊन विकून राह्यले?’’ बदली आहे, नवीन घेणार आहोत, मुलगा परदेशी आहे, काहीही चालेल, पण उत्तर झटकन यायला हवं. अडखळलं की मोठीमाय पाणी पिऊन उठायची. उत्तर पटलं की मग वस्तू चालू करायला सांगायची आणि फतकल मारून बसायची. ‘‘चहा ठेवा मॅडम,’’ असं ती चक्क विकणाऱ्यालाच म्हणायची. यंत्र थंड असताना कोणतंही नीट चालते, त्याची खोड तापल्यावर कळते, असा तिचा हिशोब. त्यामुळं दोन चहा होईपर्यंत भावाचं नाव काढायचं नाही. तोवर घरच्या बाईला माहेर कुठलं, सासू कशी, सगळं विचारून व्हायचं. अर्ध्या वेळा त्या मॅडम बदलीच्या दुःखानं रडायच्या आणि मोठीमाय त्यांची पाठ थोपटत एका हातानं टीव्हीच्या मागची गरमी तपासायची.

आणि भाव पाडायचा नाही हे तिचं दुसरं शास्त्र. ‘‘भाव पाडला का मानसाचं मन पडते,’’ ती म्हणायची. ‘‘सामान वाढवून मांगायचं.’’ कूलरबरोबर लोखंडी स्टँड, मिक्सरबरोबर जास्तीचं भांडं, टीव्हीबरोबर अँटेना आणि वर गच्चीवरची तार. साहेब लोकांना भाव मिळाल्याचा आनंद, आम्हाला सामान मिळाल्याचा. बसच्या टपावर ते सगळं चढवताना कंडक्टर म्हणायचा, ‘‘बाई, घर राह्यलं का मांगं, का तेबी आनलं?’’

आता फ्रीजची गोष्ट. ती सांगायची तर आधी जंगलात जावं लागते.

तेंदू तोडताना बाया विखुरतात. झुडपं डोक्याइतकी उंच, एक हात पलीकडची बाई दिसत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळानं कुणीतरी ओरडते, ‘‘हाये का वो?’’ आणि मग एकामागून एक सगळ्या जणी उत्तर देतात, ‘‘हाये!’’, ‘‘हाये!’’ मी दोनदा मायसोबत गेले होते तेव्हा तो आवाज ऐकला आहे. सगळ्यांची उत्तरं आली की हात पुन्हा पानांवर चालायला लागतात. आमच्या घरापासून जरा लांब, डीपीपाशी, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरपाशी राहणारी सुमनबाई आणि माय गावात एकमेकींशी बोलत नसत. कारण काय होतं ते मला कधी कळलं नाही, एक कोंबडी त्यात होती एवढंच माहीत आहे. गल्लीत समोरासमोर आल्या तर एकीला एकदम आभाळ पाहायचं असे आणि दुसरीला पायातला काटा. पण जंगलात मायनं ‘‘हाये का वो?’’ म्हटलं की सुमनबाईला ‘‘हाये’’ म्हणावंच लागायचं. तिथं अबोला चालत नसतो. जंगल संपलं, रस्ता लागला, की दोघींची तोंडं पुन्हा दोन दिशांना.

फ्रीजच्या वर्षी शेजारच्या गावच्या बायांनी अशीच हाक दिली आणि एका बाईचं उत्तर आलंच नाही. वाघ होता. आमच्या गावातल्या बाया तीन दिवस घरी बसल्या, चौथ्या दिवशी पुन्हा गेल्या, कारण हंगाम थांबत नाही. मायही गेली. पण त्या दिवशी ती परत आली आणि गाठोडं खाली टाकून तशीच ओट्यावर बसून राहिली. बाबांनी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन ती म्हणाली, ‘‘हा हंगाम करतो. पुढल्या वर्षापासून जंगलात पाय नाई ठेवत.’’

‘‘मंग कराचं काय?’’ बाबांनी विचारलं.

‘‘यंदाचा तेंदू फ्रीजले लावतो. बरफाच्या कांड्या करतो. उन्हाळाभर घरी बसून इकतो.’’

बाबा हसले. ‘‘थंडं पानी प्यायचं त मडकं हाये न घरी.’’ मायनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ते हसणं त्यांनी गिळलं आणि पुडे बांधायला बसले. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. मला फक्त एवढं समजलं की फ्रीज आला तर माय पुढच्या वर्षी जंगलात जाणार नाही. रोज पहाटे ती निघून गेली की मी ‘हाये का वो’ मनातल्या मनात म्हणायचे आणि दुपारी तिची चप्पल वाजेपर्यंत मला भूक लागायची नाही. तेव्हा तो फ्रीज मायला हवा होता त्याहून मला जास्त हवा होता.

निरोप गेला आणि मोठीमायनं क्वार्टर हेरलं. मिश्राजींचं. त्यांच्याकडं ती सहा वर्षं कामाला होती, म्हणजे तो फ्रीज तिनं स्वतः सहा वर्षं पुसलेला. मला सोबत नेलं, कारण मला हिंदी-इंग्रजी अक्षरं वाचता यायची. मला आजही दार उघडल्यावरचा तो वास आठवतो. बांधाबांधीचं गवत, नवी सुतळी, आणि मोठ्या पातेल्यात कढत असलेलं दूध. खोलीभर खोकी, आणि मधोमध तो उभा. फिकट निळा, एका दाराचा, दारावर मिश्रा मॅडमच्या लेकानं चिकटवलेली आंब्या-केळ्यांची चित्रं.

सहा वर्षं पुसलेला फ्रीजही मोठीमायनं तपासला. दारात कागदाची चिठ्ठी अडकवून ओढून पाहिली, चिठ्ठी सुटली नाही, म्हणजे रबर धड. आत डोकं घालून वास घेतला. मागच्या जाळीवरून हात फिरवला. स्टीलच्या पेल्यात पाणी घालून वरच्या खणात ठेवलं आणि बसली. दोन चहा झाले, तिसरा झाला. मिश्रा मॅडम तिच्या गळ्यात पडून रडल्या. ‘‘तेरे जैसी बाई कहाँ मिलेगी वहाँ?’’ मोठीमायही रडली. ते खरं रडणं होतं. डोळे पुसून तिनं पेला बाहेर काढला, उलटा केला. पाणी हललं नाही. मग हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘मॅडम, लोखंडी स्टँड, बरफाचे ट्रे, पान्याच्या बाटल्या अन् वरचं कव्हर, येवढं द्या.’’ मॅडमनी ते सगळं दिलं, वर लोणच्याची एक बरणी दिली. फ्रीजला हात लावून ‘‘ठीक से रहना,’’ असंही म्हणाल्या. माझ्यासमोर म्हणाल्या, खोटं नाही सांगत.

भाजीच्या गाडीतून मिश्राजी गावात आले. उभेच आले, कारण आडवं करायचं नाही अशी मोठीमायची ताकीद होती. दोन्ही बाजूंनी बाबा आणि माझा काका धरून बसलेले, नवरदेवाला धरतात तसे. गाव लोटलं होतं. ‘‘आल्याबरोबर चालू नका करू, त्याले बसू द्या,’’ हीसुद्धा ताकीद होती, म्हणून मिश्राजींना दिवसभर आराम दिला. दर थोड्या वेळानं कुणीतरी डोकावून विचारायचं, ‘‘उठले का?’’ मायनं दारावर कुंकू लावलं नाही की हार घातला नाही, आमच्यात ते नाही. तिनं फक्त चौकटीतल्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली आणि बटण दाबलं.

आतला दिवा लागला. पिवळा, मलूल. मग मागून ‘घूंऽऽ’ असा आवाज आला, आणि ‘टक्’. पुन्हा शांत. थोड्या वेळानं पुन्हा घूंऽऽ, टक्. गावातले लोक टाळ्या वाजवायला हात वर करायचे आणि टक् झालं की खाली घ्यायचे. असं चार-पाच वेळा झालं. मग एकेक जण घरी गेला.

दुसऱ्या दिवशी गोंडपिपरीहून मेकॅनिक आला. त्यानं फ्रीजला हातही लावला नाही. भिंतीतल्या प्लगमध्ये आपलं यंत्र खुपसलं, काटा पाहिला आणि म्हणाला, ‘‘बाई, फ्रीज हिऱ्यासारखा हाये. तुमची लाईट मेली हाये. लाईनच्या टोकावर घर हाये तुमचं, इथपर्यंत येता येता तिचा जीव जाते. बल्ब जळते, पंखा फिरते, पन हा नाई उठनार.’’

‘‘स्टॅबिलायझर लावला त?’’ बाबांनी विचारलं.

‘‘इतक्या कमी लाईटले थोबी हात टेकते.’’

झालं! वस्तू पाहिली, घर पाहिलं, बाई पाहिली, तीन चहा पिऊन पाहिलं. कॉलनीत दिवे कधी डोळा मिचकवत नसत, तिथं सगळं पाहिलं. आणि वस्तू जिथं नांदणार तिथली लाईट पाहायचं कुणाला सुचलं नाही. मोठीमाय दुसऱ्याच दिवशी बसनं धावत आली. फ्रीजवर हात ठेवून उभी राहिली आणि स्वतःच्या कपाळावर चापट मारून घेतली. ‘‘लाईट म्हनजे लाईट, असंच समजली मी,’’ ती म्हणाली. ‘‘वीस वर्षं लोकायले वस्तू घेऊन देल्ली, अन् माह्याच बहिनीच्या घरी चुकली.’’ मी तिला रडताना आधीही पाहिलं होतं, पण तेव्हा हातानं काम चालू असायचं. त्या दिवशी तिचे दोन्ही हात नुसते लोंबत होते. खऱ्या मिश्राजींचा ट्रक केव्हाच गेलेला, परत देणार कोणाला?

 मायनं फ्रीजमध्ये तांदूळ ठेवले, उंदीर लागत नाही म्हणून. पावसाळा गेला, दिवाळीचे दिवस गेले. थंडीत एका सकाळी ती तेंदूचं गाठोडं बांधायचं जाडं फडकं पाण्यात भिजवत होती. मी विचारलं, ‘‘हे काऊन धुतं?’’ म्हणाली, ‘‘लागन न पुढं.’’ सहज म्हणाली.  मी शाळेत गेले, पण त्या दिवशी बाईंनी काय शिकवलं ते माझ्या कानात शिरलं नाही.

कॉलनीतल्या त्या क्वार्टरात हे सगळं आठवत मी परवा बसले होते. वॉशिंग मशीन समोर फिरत होती. तरुण साहेब दोनदा म्हणाले, ‘‘मॅडम, चलती है, देख लिया ना?’’ मी म्हटलं, ‘‘तापू द्या.’’ तिसऱ्यांदा त्यांनी घड्याळ पाहिलं तेव्हा मी विचारलं, ‘‘चहा आहे का?’’ बिचाऱ्यानं केला. बराही होता, आलं घातलेला. मध्येच मायचा फोन आला. ती गावी असते, सत्तरीत आली, पण खरेदीचं नाव काढलं की कान टवकारते. पहिला प्रश्न, ‘‘कोनाची हाये?’’ मी नाव सांगितलं. ‘‘काऊन इकून राह्यला?’’ बदली, म्हटलं. ‘‘अन् तुह्या घरची लाईट?’’ मी म्हटलं, माय, मी चंद्रपूरला राहते, इथं लाईट खूप आहे. ‘‘तरी पाह्यजो,’’ ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तर तो हिवाळा. माझा अभ्यास अंधारात व्हायचा नाही म्हणून मी कधी कधी डीपीकडच्या रस्त्यावर पुस्तक घेऊन बसायचे. सुमनबाईचं घर डीपीच्या अगदी खाली. तिच्या दारातला बल्ब पांढरा शुभ्र जळायचा. एका संध्याकाळी घरी येऊन मी मायला म्हटलं, ‘‘सुमनबाईच्या घरची लाईट किती गोरी हाये वो!’’ मी काही सुचवायला नव्हते म्हणाले. भाकरी थापता थापता मायचा हात थांबला. तिनं ती भाकरी भाजली, उरलेल्या केल्या, आम्हाला वाढलं. मग हात धुऊन पदर खोचला आणि निघाली. मी मागोमाग.

सुमनबाईच्या घरासमोर रस्त्यावर ती उभी राहिली. इतक्या वर्षांनी हाक मारायची तर काय म्हणून मारायची? बाई म्हणावं की ताई? नुसतं नाव घ्यावं? ती उभीच. मला वाटलं आता परत फिरते. मग एकदम तोंडाशी दोन्ही हात लावून ती ओरडली, जंगलात ओरडतात तशी:

‘‘हाये का वो?’’

आणि आतून, क्षणाचाही विलंब न होता, खणखणीत उत्तर आलं, ‘‘हाये!’’

 डीपीची घुं-घुं तेवढी ऐकू येत होती. सुमनबाई दारात आली. हात राखेचे, भांडी घासत होती. दोघी एकमेकींकडं पाहत राहिल्या. एकीलाही आभाळ पाहायचं सुचलं नाही.

‘‘काय म्हनतं?’’ सुमनबाई म्हणाली.

‘‘माहा फ्रीज तुह्या घरी ठेवतं का?’’

‘‘काऊन? तुह्या घरी जागा नाई का?’’

‘‘जागा हाये. लाईट नाई. तुह्या घरी हाये.’’  मग म्हणाली, ‘‘मले पुन्हा जंगलात नाई जायाचं, सुमन. भेव वाटते.’’

मायला भीती वाटते हे मी पहिल्यांदा ऐकलं. आजवर ती आम्हालाच ‘भेऊ नका’ म्हणत आली होती. सुमनबाईनं राखेचा हात पदराला पुसला, वर डीपीकडं पाहिलं आणि म्हणाली, ‘‘मले का वाटत नाई? ये, आन. हा एक घोरते डोक्यावर, तुहा एक घोरन खाली. पन कांड्या दोघी मिळून करू. तूच सायबीन होऊन बसतो म्हनशीन त चालनार नाई.’’

‘‘अन् कोंबडी?’’ माय म्हणाली.

‘‘मरो थे कोंबडी,’’ सुमनबाई म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की समोरच्या घरातले जेवते लोक बाहेर आले.

मिश्राजी दुसऱ्या दिवशी डीपीखाली गेले. बटण दाबलं, दिवा पांढरा लागला, घूंऽऽ झालं, आणि टक् झालंच नाही. ते घूं तसंच चालत राहिलं. माय फ्रीजच्या पाठीला कान लावून किती तरी वेळ उभी होती. मोठीमायला निरोप पाठवला तर तिनं उलट निरोप पाठवला की चांगल्या रंगाचा लाल शरबत घेऊन येते, आणि खरंच आली, आणि पहिली कांडी तिनंच खाल्ली. जीभ लाल करून गावभर दाखवत फिरली.

फेब्रुवारीपासून उन्हं कडक झाली आणि आमच्या कांड्या सुरू झाल्या. लिंबू, कैरीचं पन्हं, लाल शरबत. नळकांडीसारख्या बारीक पिशव्या नरसाळ्यानं भरायच्या आणि दोऱ्यानं बांधायच्या. पुडे बांधून बांधून तयार झालेली मायची बोटं, तिची गाठ डोळ्याला दिसायचीही नाही. सुमनबाईची गाठ सुटायची, त्यावरून रोज भांडण, पण तोंडावर भांडण, बोलून भांडण. शाळा सुटली की पोरांची रांग लागायची. मे लागला तशा तेंदूच्या बाया दुपारी उन्हातून येताना डीपीखाली थांबायला लागल्या. गाठोडं डोक्यावरून न उतरवता एका हातानं कांडी चोखायच्या. त्यांच्या अंगाचा तो तुरट हिरवा वास आणि लिंबाचा थंड वास एकमेकांत मिसळायचा. तसा वास मी पुन्हा कुठं घेतला नाही. तो आता मिळणारही नाही. मिश्राजी पुढं बरीच वर्षं चालले आणि मग एका उन्हाळ्यात बसले ते उठलेच नाहीत. डीपी बदलली, लाईन बदलली, गावात आता घरोघरी फ्रीज आहेत, आणि एकाही फ्रीजला कोणाचं नाव नाही.

मी ती वॉशिंग मशीन घेतली. भाव पाडला नाही. पाण्याचा लांब पाईप, खालचं स्टँड आणि मच्छरदाणी मागून घेतली. साहेब म्हणाले, ‘‘मच्छरदानी का मशीन से क्या संबंध?’’ मी म्हटलं, काही नाही, असू द्या. ऑटोत मशीन उभी धरून मी घरी आले आणि वाटेत सगळ्यात जास्त आठवली ती त्या मे महिन्यातली हंगामाची पहिली पहाट.

आम्ही सगळे अंगणात झोपलेलो. अंधार होता तेव्हाच बायांचा घोळका गल्लीतून निघाला. फाटकापाशी पावलं थांबली आणि कुणीतरी सवयीनं मायच्या नावानं हाक दिली, ‘‘येतं का वो?’’ माय ताडकन उठून बसली. हात उशाशी फडकं शोधायला लागला. मी जागीच होते. मी पाहत होते. तिचा हात थांबला. ती फाटकाकडं तोंड करून म्हणाली, ‘‘नाई येत. जा तुम्ही. संभाळून जा.’’ पावलं पुढं गेली, दूर गेली. माय तशीच बसून राहिली, आवाज पूर्ण विरेपर्यंत. मग हळूच आडवी झाली, कूस बदलली आणि झोपली.

उजाडलं. कोंबडे आरवून थकले. बाबा उठून बैल सोडून गेले. ऊन छपराच्या कवेलूंवरून खाली उतरलं, अंगणात आलं, तिच्या पायांवर आलं, मग तोंडावर आलं. मी माझ्या मायला उन्हात झोपलेली त्याआधी कधी पाहिली नव्हती. तोंड थोडं उघडं, एक हात डोक्याखाली, कपाळ अगदी सपाट. ती इतकी तरुण होती हे मला माहीतच नव्हतं. मी शेजारी बसून तिच्या तोंडावरच्या माश्या वारत राहिले.

एवढ्यात सुमनबाई फाटकात आली. डीपीपाशी गिऱ्हाईक उभं होतं. ‘‘कावो पोरी,’’ तिनं तिथूनच विचारलं, ‘‘तुही माय कुठी हाये?’’

मी तोंडावर बोट ठेवलं. मग उठून फाटकापर्यंत गेले आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, ‘‘माय झोपली हाये.’’